‘करतीय की रोज!’

व्यायामाचं कार्ड खरं की खोटं, हे ओळखायला फार हुशारी लागत नाही. महिन्याच्या चौकटी, प्रत्येकीत बरोबरची खूण, सगळ्या खुणा एकाच निळ्या पेनाने आणि एकाच तिरकसपणाने केलेल्या. कागदाला कुठे सुरकुती नाही, तेलाचा डाग नाही, हळदीचं बोट उमटलेलं नाही. महिना तीस दिवसांचा असूनही एकतिसाव्या चौकटीत खूण आहे. करकंबमधल्या एका छोट्या फिजिओथेरपी दवाखान्यात हे कार्ड टेबलावर आलं, तेव्हा मॅडमनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि एवढंच विचारलं, “मावशी, पेन कुणाचा?”

मावशी हसल्या. “नातवाचा. त्यानंच केलं समदं. स्टँडवर.”

एस. टी. स्टँडवर बसून महिनाभराचा व्यायाम पाच मिनिटांत उरकणाऱ्या या मावशी जगावेगळ्या नाहीत. अमेरिकेत आर्थर स्टोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुनाट दुखण्याच्या ऐंशी रुग्णांवर एक प्रयोग केला होता. २००२ साली तो ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आला. निम्म्या रुग्णांना कागदी डायरी दिली होती आणि दिवसातून तीनदा, ठरलेल्या वेळी, दुखण्याची नोंद करायला सांगितलं होतं. डायरीच्या पुठ्ठ्यात प्रकाश ओळखणारं छोटं यंत्र बसवलेलं होतं. डायरी कधी उघडली, कधी मिटली, हे त्यात आपोआप नोंदलं जायचं. रुग्णांना याचा पत्ता नव्हता. डायऱ्या परत आल्या, तेव्हा नोंदींनुसार नव्वद टक्के काम वेळेवर झालं होतं. यंत्र सांगत होतं, अकरा टक्के. ठरल्या वेळेच्या पंधरा मिनिटं मागेपुढे चालेल, अशी सवलत देऊनही अकराच. जवळपास एक तृतीयांश दिवस तर डायरी उघडलीच नव्हती, पण त्या दिवसांच्या नोंदीही व्यवस्थित भरलेल्या होत्या. काहींनी पुढच्या वेळेचं दुखणं आधीच लिहून ठेवलं होतं.

म्हणजे शिकलेल्या, गाडीतून दवाखान्यात येणाऱ्या माणसांचंही स्टँड असतंच. फक्त तिथे त्याला पार्किंग म्हणतात.

मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी कार्ड बाजूला ठेवलं आणि मावशींना पलंगावर झोपायला सांगितलं. पुढचं सगळं बघायला मिळावं म्हणून मी त्या दवाखान्यात कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायची परवानगी काढली होती. मला एकच गोष्ट बघायची होती. माणूस घरी, चार भिंतींच्या आत, कुणाचं लक्ष नसताना स्वतःच्या गुडघ्यासाठी काय करतो, हे बाहेर बसलेल्या माणसाने मोजायचं कसं?

करकंब हे पंढरपूर तालुक्यातलं मोठं गाव, पंढरपूर–टेंभुर्णी रस्त्यावरचं. उजनीचं पाणी आलं आणि ऊस आला, द्राक्षबागा आल्या, बेदाणा आला, साखर कारखाना आला. पाण्याबरोबर कामही वाढलं. खुरपणी उकिडवं बसून, उसाची मोळी डोक्यावर, द्राक्षाची छाटणी आणि विरळणी दिवसभर हात डोक्याच्या वर धरून. शरीराच्या ज्या सांध्याला ज्या कोनात सगळ्यात कमी वेळ ठेवावं असं पुस्तक सांगतं, नेमक्या त्याच कोनात तो सांधा इथे आठ-आठ तास असतो. दवाखान्यात येणारी माणसं आपलं दुखणं स्वतःच ठरवून येतात. “मणक्यात गॅप पडलाय.” “गुडघ्यातलं वंगण संपलंय.” “नस दबलीय, पार टाचेपर्यंत चमक जाती.” “हातच वर जाईना, वेणी घालता येईना.” एक्स-रेचं पाकीट बहुतेकांच्या पिशवीत असतं. घडी पडलेलं, आणि आधी दोन-तीन डॉक्टरांनी उजेडाकडे धरून पाहिलेलं.

हे दुखणं किती पसरलेलं आहे, हे मोजण्याचं मोठं काम इथून फार लांब झालेलं नाही. उजनीच्याच पाणलोटावर, पुणे–सोलापूर रस्त्यावर भिगवण आहे. पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली त्या गावात घरोघरी जाऊन सांधे, स्नायू आणि हाडांच्या दुखण्यांची पाहणी केली. जागतिक आरोग्य संघटना आणि संधिवाततज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संघटना यांच्या ‘कॉपकॉर्ड’ या उपक्रमाचा तो भाग होता. गावातलेच स्वयंसेवक तयार केले होते आणि प्रश्न मराठीत होते. चार हजारांवर प्रौढांमध्ये शंभरी अठरा जणांना असं दुखणं निघालं. भारतातल्या खेड्यात सांधेदुखी किती, असं कुणी विचारलं की आजही भिगवणचं नाव निघतं.

पण भिगवणला मोजलं ते दुखणं. दुखणाऱ्या माणसाने त्यावर स्वतः काय केलं, हे मोजणं त्याहून कितीतरी अवघड. गुडघ्याची झीज, जुनाट कंबरदुखी, खांदा आखडणं, या कशालाही ‘आठ दिवस गोळ्या घ्या, बरं वाटेल’ असं औषध नाही. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०२२ साली सांध्यांच्या झिजेसाठी दिलेल्या मार्गदर्शनात सगळ्यांसाठी पहिला उपाय म्हणून व्यायामच सांगितला आहे, आणि वजन जास्त असेल तर ते कमी करणं. म्हणजे उपचार रुग्णाच्या हातात. डॉक्टर अर्धा तास भेटणार, बाकीचा सगळा वेळ रुग्ण घरी. जे व्हायचं ते घरीच व्हायचं.

मग मोजायचंच कशाला? मला आधी वाटलं होतं की ही मोजामोजी म्हणजे रुग्णाला पकडायचा खेळ असावा. मॅडमनी सांगितलेलं कारण वेगळं होतं. रुग्ण दीड महिन्याने येतो आणि म्हणतो, फरक नाही. आता दोनच वाटा. व्यायाम करूनही फरक नसेल, तर व्यायाम चुकलाय, नाहीतर निदान चुकलंय. बदल करायला हवा, पुढे पाठवायला हवं, कदाचित शस्त्रक्रियेचं बोलायला हवं. आणि व्यायाम केलाच नसेल, तर यातलं काहीही करणं चुकीचं. ‘फरक नाही’ या दोन शब्दांमागे काय आहे ते कळलं नाही, तर ज्याने काहीच केलं नाही त्याच्या गुडघ्यावर सुरी चालते. आणि ज्याने महिनाभर इमानाने केलं, त्याला ‘तुम्ही करतच नाही’ म्हणून पुन्हा तेच पाच व्यायाम लिहून दिले जातात. दुसरी चूक जास्त वाईट, असं माझं मत झालं.

क्षयरोगाच्या बाबतीत हे सोपं आहे. गोळी मोजता येते. आशाताई समोर गोळी गिळायला लावू शकतात. ‘नाइन्टीनाइन डॉट्स’ नावाची एक पद्धत आपल्याकडे आली. तीत गोळी काढल्यावर पाकिटामागे लपलेला फोन नंबर दिसतो, त्यावर रुग्णाने फुकटचा फोन करायचा, म्हणजे गोळी बाहेर काढल्याची नोंद होते. लघवीत औषध तपासता येतं. टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली दहा वेळा दाबली की नाही, हे कुठल्याही लघवीत उतरत नाही.

जगभर त्यासाठी पुष्कळ खटाटोप झाला आहे. घरी करायच्या व्यायामाचं पालन मोजण्यासाठी संशोधकांनी काय काय वापरलं, याचा आढावा २०१४ साली इंग्लंडमधल्या अभ्यासकांनी घेतला. रुग्णाने स्वतः सांगण्यावर आधारलेली एकसष्ट वेगवेगळी मापं सापडली. त्यांतल्या जवळजवळ कुणाचीच नीट पारख झालेली नव्हती. ज्याला त्याला आपापला काटा. पुढे २०१७ मध्ये लंडनहून सहा वाक्यांची एक प्रश्नावली आली, इअर्स नावाची. प्रत्येक वाक्याला शून्य ते चार गुण, एकूण चोवीस. त्याआधीची, २००० सालची, सिरास म्हणून एक तीन प्रश्नांची पट्टी आहे. ती खेळाडूंच्या दुखापतींसाठी केलेली, आणि तीत गुण रुग्ण देत नाही, उपचार करणारा देतो. रुग्णाने दवाखान्यात किती जोर लावून व्यायाम केले, सांगितलेलं किती ऐकलं, बदल सांगितला तर किती मनावर घेतला. करकंबच्या दवाखान्यात या पट्टीवर सगळ्या मावशींना पैकीच्या पैकी मिळतील. मॅडमसमोर कोण आळस करणार? ही पट्टी पालन मोजण्याऐवजी शालीनता मोजत असावी, असा मला दाट संशय आहे.

प्रश्नावलीची गंमत तर प्रत्यक्ष बघण्यासारखी. मॅडमनी कॉलेजात असताना प्रकल्पासाठी अशा प्रश्नावल्या भरून घेतल्या होत्या, त्याची पद्धत त्यांनी एका रुग्णावर करून दाखवली. या प्रश्नावल्यांमध्ये काही वाक्यं मुद्दाम उलटी असतात. ‘मी व्यायाम करायला विसरते’ असं वाक्य वाचायचं आणि विचारायचं, पूर्ण सहमत, सहमत, सांगता येत नाही, असहमत, पूर्ण असहमत? समोरच्या आक्का एकदम सावरून बसल्या. “मी कुठं तसं म्हणाले?”

“तुम्ही म्हणाला नाही आक्का, कागदावर लिहिलंय.”

“मग ज्यानं लिहिलं त्याला इचारा.”

यावर कुठला गुण द्यायचा?

आकड्यांची भीती मात्र इथे नाही. फक्त आकडे निराळे आहेत. शून्य ते दहामध्ये किती दुखतं, असं विचारलं की माणूस घुटमळतो. पण फरक किती पडला विचारलं की ताबडतोब उत्तर येतं, “आठ आणे.” “चार आणेच हाय अजून.” “बारा आणे झालाय, पण बसलं की उठता येत न्हाय.” मॅडम वहीत आणेच लिहितात. सोळाची पट्टी आहे, दहापेक्षा बारीक. आणि महिन्यामागून महिना त्याच पट्टीवर विचारलं तर उत्तरं एकमेकांशी जुळतात. ज्यांच्या खिशात आणा कधी नव्हता, ते तिशीतले ट्रॅक्टरवालेही आण्यातच सांगतात.

तर मावशी पलंगावर झोपल्या होत्या. मॅडमनी टॉवेल त्यांच्या हातात दिला आणि काही न सांगता उभ्या राहिल्या. मावशींनी टॉवेल पोटावर ठेवला आणि छताकडे बघत राहिल्या.

“आता काय करू?”

“घरी करता तेच.”

मावशींनी पाय उचलला. गुडघा वाकवून, झटक्यात, श्वास रोखून. टॉवेल पोटावरच होता. उत्तर मिळालं होतं. मॅडमनी काही सुनावलं नाही, पुन्हा शिकवलं. गुंडाळी गुडघ्याखाली, टाच पलंगावर, गुडघ्याची मागची बाजू टॉवेलवर दाबायची, मनात दहापर्यंत मोजायचं, सोडायचं. मांडीचा पुढचा स्नायू आवळतो की नाही, ते त्यांच्याच बोटांनी त्यांना चाचपायला लावलं. “हे घट्ट झालं तर व्यायाम झाला. नाहीतर नुसता पाय हलला.”

त्यांच्यानंतर एक काका आले. साठीच्या पुढचे, धोतरटोपीतले. त्यांचं कार्ड हरवलं होतं. “कार्ड न्हाय बघा. उंदरानं खाल्लं का पोरांनी फाडलं, देव जाणे.” पण पलंगावर बसता बसताच त्यांनी टॉवेलची घडी घालायला घेतली होती. एकदा दुमडून जाडी बघितली, पुन्हा उलगडली, थोडी पातळ केली, मग गुडघ्याखाली सरकवली. कुणी सांगितलं नव्हतं. आणि सरळ तक्रारच सुरू झाली. “ह्यो जमतो. पण पाय वर धरायचा केला की जांघेत ओढ बसती. डाव्याचं दहा हुतात, उजव्याचं सहाच. सातव्याला पाय थरथरतो.”

मॅडमनी माझ्याकडे एक नजर टाकली. चहाच्या वेळी मी विचारलं, तेव्हा म्हणाल्या, “जो करत नाही, त्याची तक्रार नसते. तो म्हणतो, सगळं छान चाललंय. करणाऱ्यालाच अडचण येते.”

माझ्या मते या सगळ्या विषयातलं सर्वांत उपयोगी वाक्य हेच. त्यानंतर मी तेच ऐकत बसलो. मॅडम ‘व्यायाम करता का?’ असं सहसा विचारतच नाहीत. त्याला एकच उत्तर असतं, ‘करतीय की रोज’. ते उत्तर खोटं असलं तरी खोटेपणाने दिलेलं नसतं. आपल्यासाठी एवढं करणाऱ्या बाईला तोंडावर ‘नाही केलं’ म्हणणं उद्धटपणाचं वाटतं म्हणून दिलेलं असतं. त्याऐवजी त्या विचारतात, कुठे करता? जमिनीवर की दिवाणावर? त्या वेळी घरात कोण असतं? करणारी बाई सांगते, सून शाळेच्या गाडीपर्यंत पोरांना सोडायला गेली की दहा मिनिटं, दिवाणावर, पण दिवाण मधे खचलाय. न करणारी सांगते, “घरात.” घरात कुठे? “असंच, घरातच की.” पाठ केलेल्या उत्तराला जागा नसते, वेळ नसते, खचलेला दिवाण नसतो.

ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या संशोधकांनी गुडघेदुखीच्या रुग्णांना घरी व्यायामासाठी घोट्याला बांधायची वजनं दिली आणि त्यांत हालचाल टिपणारं यंत्र गुपचूप शिवलं. २०१८ साली ते प्रसिद्ध झालं. रुग्णांच्या डायऱ्या आणि प्रश्नावल्या पुन्हा एकदा प्रत्यक्षापेक्षा जास्तच सांगत होत्या. यंत्र खरं बोलतं, हे खरं. पण यंत्र फक्त किती वेळा, एवढंच सांगतं. त्यात जांघेतली ओढ नसते. सातव्या वेळी का थांबला, हे नसतं. शिवाय मला ते गुपचूप शिवणं काही रुचलं नाही. संशोधनात एकवेळ चालेल. गावात हे कळलं, तर दुसऱ्या दिवशी वजनं परत येतील आणि माणसं येणार नाहीत.

मोबाइलचाही उपयोग होतो, पण जपून. मॅडम व्यायामाचे व्हिडिओ व्हॉट्सअॅपवर पाठवतात. दोन निळ्या रेघा उमटतात, म्हणजे व्हिडिओ पाहिला गेला. कुणी पाहिला? फोन मुलाचा, तो टेंभुर्णीला कामाला. व्यायाम मुलाच्या खिशात होतो आणि गुडघा आईचा दुखत राहतो.

मग काहीजण म्हणतात, पालन कशाला मोजता, परिणाम मोजा. तेही इथे होतं. बिनहाताच्या खुर्चीवर बसायचं, हात छातीवर आडवे बांधायचे, अर्ध्या मिनिटात किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजायचं. ही साधी चाचणी जगभर वापरतात. डेन्मार्कमध्ये २०१३ पासून गुडघे-खुब्याच्या झिजेसाठी ‘ग्लॅड’ नावाचा व्यायामाचा कार्यक्रम चालतो, तिथेही सुरुवातीला आणि नंतर हीच चाचणी घेतात. अमेरिकन तक्त्यानुसार साठ ते चौसष्ट वयाच्या बाईला बारापेक्षा कमी जमलं तर पायात जोर कमी समजतात. करकंबच्या बायका पदर खोचून, ओठ आवळून उठतात-बसतात. मॅडमच्या हातात घड्याळ, बाकड्यावर बसलेल्या बाकीच्या मोठ्याने मोजणार. जन्मभर उकिडवं बसून काम केलेल्या बाईला अमेरिकन तक्ता लागू करावा का, हा वेगळा वाद. पण मागच्या महिन्यातली ती आणि या महिन्यातली ती, एवढी तुलना नक्की होते.

तरीही परिणाम म्हणजे पालन नव्हे. आठचे बारा झाले म्हणजे व्यायाम केला, असं कोण म्हणेल? उसाची लागण संपली, खुरपणी थांबली, महिनाभर गुडघ्याला विसावा मिळाला, एवढ्यानेही आठचे बारा होतात. माणूस दवाखान्यात येतो तोच दुखणं कळसाला पोचल्यावर. तिथून काही न करताही ते थोडं उतरणारच असतं. कुणी मधेच कुठूनतरी पांढऱ्या गोळ्यांची पुडी आणलेली असते. त्यात काय आहे ते सांगता येत नाही, पण चेहरा थोडा सुजल्यासारखा दिसतो, भूक वाढलेली असते आणि गुडघा एकदम सोळा आणे. मॅडम अशा वेळी आनंद बाजूला ठेवून पिशवी उघडायला सांगतात.

उलटंही होतं. काकांनी दीड महिना व्यायाम केला होता, आणि चाचणीत एकच आकडा वाढला होता. पालनाची वेगळी नोंद नसती, तर त्यांचा तो दीड महिना नापास ठरला असता.

आता मुख्य अडचणीकडे येतो. पालनाचा टक्का काढताना वर असतं केलेलं आणि खाली असतं सांगितलेलं. सगळी दुनिया वरच्या आकड्याच्या मागे लागते. खालच्याकडे कुणी बघत नाही. ‘मांडी घालू नका, उकिडवं बसू नका, जड उचलू नका, जिना टाळा, दिवसातून दोनदा वीस-वीस मिनिटं व्यायाम करा.’ हे ज्या बाईला लिहून दिलं, तिचं पोट खुरप्यावर आहे, घरात संडास भारतीय पद्धतीचा आहे आणि पाण्याची कळशी तिनेच आणायची आहे. तिचं पालन शून्य टक्के निघालं, तर तो आकडा तिचा की सल्ला देणाऱ्याचा? जागतिक आरोग्य संघटनेने २००३ साली या विषयावर मोठा अहवाल काढला. दीर्घ आजारांत श्रीमंत देशांतही उपचार नीट पाळणारे सरासरी निम्मेच, असं त्यात आहे. त्याच अहवालाने पालनाच्या व्याख्येत रुग्णाने मान्य केलेला सल्ला धरलाय, नुसता दिलेला नव्हे. छापील कागद हातात देऊन ‘पुढचे या’ म्हटलं, तर मान्य करण्याची पायरी आलीच कुठे?

द्राक्षाच्या टोळीत विरळणीला जाणारी एक बाई मानेच्या आणि खांद्याच्या दुखण्यासाठी येत होती. आधी दुसरीकडून मिळालेल्या कागदावर पाच व्यायाम होते, सकाळ-संध्याकाळ. ती पाचला उठते, भाकरी, डबे, आठला टेंपो येतो, संध्याकाळी परत यायला सहा-साडेसहा. “कवा करू सांगा तुम्हीच,” ती म्हणाली. रागाने म्हणाली नाही, खरोखर विचारत होती. मॅडमनी कागद घडी करून ड्रॉवरमध्ये टाकला आणि एकच व्यायाम ठेवला. वेलीची एक ओळ संपली की पुढच्या ओळीला जायच्या आधी हात खाली सोडायचे, खांदे मागे वळवायचे, हनुवटी आत घ्यायची, दहा आकडे. बस्स.

पुढच्या खेपेला ती आली तेव्हा कार्ड नव्हतं, डायरी नव्हती. मॅडमनी विचारलं, “काल किती ओळी झाल्या?”

“बावीस.”

“आणि मान किती वेळा?”

तिने मनाशी हिशेब केला. “दुपारच्या भाकरीनंतर इसरले चार-पाच. मुकादम घाई करत हुता.”

टक्का काढायचा तर ऐंशीच्या आसपास. पण टक्क्यापेक्षा मला मोलाचं वाटलं ते ‘दुपारच्या भाकरीनंतर’. विसरण्याची वेळ कळली, कारण कळलं. मॅडमनी वहीत आकड्याशेजारी तेच लिहिलं. आता टोळीतल्या आणखी दोघी ओळीच्या टोकाला हात सोडून उभ्या राहतात म्हणे. मुकादमाला ते फारसं पसंत नाही.

यातूनच मॅडमच्या कार्डाचं रूप बदललंय. नव्या कार्डावर बरोबरच्या खुणेला जागाच नाही. ज्या दिवशी व्यायाम झाला नाही, त्याच दिवशी काहीतरी करायचं. आणि तेही लिहायचं नाही, चित्रावर बोट टेकवायचं. कात्री म्हणजे छाटणी-विरळणी, घर म्हणजे पाहुणे किंवा घरचं कार्य, थर्मामीटर म्हणजे आजारपण, आणि गुडघ्यावर लाल ठिपका म्हणजे व्यायामानेच जास्त दुखलं. बोट कुंकवात बुडवायचं की हळदीत, ज्याची त्याची मर्जी. कोरं कार्ड आलं तर? तर दोन शक्यता, रोज केलं किंवा कार्ड पाहिलंच नाही, आणि त्या दोहोंत फरक करायला टॉवेल आहेच. ही पद्धत कुठल्या मासिकात छापून आलेली नाही, तिची पारखही झालेली नाही. एकसष्ट मापांनंतरचं बासष्टावं, असं कुणी म्हटलं तर मॅडमकडे उत्तर नाही. पण लाल ठिपक्यांची कार्डं आली की त्या व्यायाम बदलतात, आणि कात्रीची कार्डं आली की व्यायाम कमी करतात. जुन्या कार्डामुळे त्यांच्या हातून एकही बदल कधी झाला नव्हता. निळ्या खुणांनी भरलेलं कार्ड घेऊन करणार काय? शाबासकी देणार आणि पुढच्या महिन्याचं कार्ड देणार.

आषाढात या सगळ्या नोंदी कोलमडतात. पैठणहून येणारी नाथांची पालखी करकंबवरूनच पंढरपूरला जाते. गावात पाहुणे, पंगती, आणि दवाखान्यातले निम्मे गुडघे दिंडीत. ज्यांना पाय दहा वेळा वर उचलणं होत नाही, ते दिवसाला पाच-सहा कोस चालतात आणि परत येऊन सांगतात, वाटेत गुडघा दुखला नाही. कार्डावर त्या दिवसांना काय लिहायचं? व्यायाम झाला नाही हे खरं. स्वतःच्या शरीरासाठी काहीच केलं नाही, हे मात्र धादांत खोटं. एका आजोबांच्या कार्डावर त्या पंधरवड्यात मॅडमनी स्वतःच पेनाने ‘वारी’ असं लिहिलं आणि खाली परत आल्यावरचा खुर्चीचा आकडा. तो आधीपेक्षा दोनने जास्त होता. आठवड्याने पाय सुजून ते पुन्हा आले, तेही त्यांनी लिहिलं.

हे सगळं करायला वेळ लागतो. एका रुग्णामागे वीस मिनिटं, कधी जास्त. बाहेर बाकड्यावर माणसं चुळबुळ करतात, कुणी म्हणतं, “करंट लावा आन् सोडा बाई.” करंटचं मशीन लावलं की पैसे सुटतात, रुग्ण खूश असतो आणि टॉवेल कुणाला धरायला लागत नाही. सरकारी आरोग्य केंद्रांवर व्यायाम समजावायला आणि महिन्याने पुन्हा विचारायला माणूस कायमचा मिळाला, तर भिगवणच्या त्या शंभरी अठरांचं काही होईल. नुसती तक्त्यांची छपाई वाढवून होणार नाही.

तोवर एक काम मात्र प्रत्येकाच्या हातात आहे. तुमच्या घरात कुणाचा गुडघा, कंबर, खांदा जुना दुखणारा असेल आणि व्यायामाचा कागद मिळालेला असेल, तर पुढच्या वेळी दवाखान्यात जाताना कार्ड स्टँडवर भरू नका. कुठला व्यायाम होत नाही, कोणत्या वेळी होत नाही आणि करताना नेमकं कुठे दुखतं, एवढं सांगा. आणि ‘हे पाच मला जमणार नाहीत, यातले दोन सांगा’ असं पहिल्याच दिवशी म्हणायला संकोच करू नका.